शनवार तेली आणि आपण : यहुदी धर्म रोजच्या जगण्यात कसा पाळला जातो

आज एखाद्या मुस्लिम घरातल्या मुलाला विचारलं, ‘यहुदी म्हणजे कोण?’ तर तो मोबाईलवर पाहिलेल्या युद्धाच्या बातम्या सांगेल. हाच प्रश्न रायगड जिल्ह्यातल्या जुन्या आजीला विचारला असता तर तिने गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या, शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या तेल्याबद्दल सांगितलं असतं. दोघांचंही उत्तर अपुरं आहे, पण आजीचं उत्तर निदान डोळ्यांनी पाहिलेलं असायचं.

कुरआनात सर्वांत जास्त वेळा ज्या प्रेषिताचं नाव येतं ते हजरत मूसा (अलै.). सतराव्या सूरहचं, सूरह इस्राचं, दुसरं नावच ‘बनी इस्राईल’ आहे. तरीही ज्यांना कुरआन ‘अहले किताब’ म्हणतो ते लोक सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत आपला धर्म कसा पाळतात, त्यांच्या ताटात काय असतं, घरात मौत झाली तर काय करतात, याची माहिती आपल्या घरांत फारशी नसते. आणि व्हॉट्सअॅपवर जी येते ती बहुतेक वेळा कोणाचा तरी राग भडकवण्यासाठी येते. म्हणून हा लेख. यात यहुदी धर्माचा सगळा इतिहास नाही. आपल्याच भाषेत बोलणारे, आपल्याच कोकणातले यहुदी समोर ठेवून हा धर्म समजून घ्यायचा एवढाच हेतू आहे.

नौगावचा किनारा

महाराष्ट्रातले मूळचे यहुदी स्वतःला ‘बेने इस्राएल’ म्हणतात. म्हणजे आपल्या उच्चारात बनी इस्राईल, हजरत याकूब (अलै.) यांची संतती. त्यांच्या परंपरेनुसार त्यांच्या पूर्वजांचं जहाज अलिबागजवळ नौगावच्या किनाऱ्यावर फुटलं. सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, बाकीच्यांना तिथेच दफन केलं. ही गोष्ट किती शतकांपूर्वीची यावर अभ्यासकांचं एकमत नाही. नौगावला आजही त्या दफनभूमीजवळ स्मारक आहे.

वाचलेल्यांनी गावोगावी तेलाचे घाणे घातले. शब्बाथमुळे शनिवारी घाणा बंद, म्हणून गावाने नाव ठेवलं ‘शनवार तेली’. आडनावं मात्र गावांवरून पडली: पेणकर, किहीमकर, दिवेकर, रोहेकर, नौगावकर, अष्टमकर. नुसतं आडनाव ऐकून समोरचा माणूस हिंदू आहे, मुसलमान आहे की यहुदी, हे कोकणात सांगता येत नाही, हे आपल्याला काही वेगळं सांगायला नको.

ग्रंथ हरवले, हिब्रू विसरली, तरी काही गोष्टी त्यांनी सोडल्या नव्हत्या. पुढे दाविद राहाबी नावाचा एक परदेशी यहुदी कोकणात आला, त्याने या लोकांची परीक्षा कशी घेतली याची गोष्ट समाजात अजून सांगतात. त्याने बायकांपुढे मिश्र मासळी ठेवली आणि शिजवायला सांगितली. बायकांनी पर आणि खवले असलेली मासळी तेवढी वेगळी काढली, बाकीची खात नाही म्हणाल्या. शनिवारची सुट्टी, आठव्या दिवशीचा खतना, मासळीचा नियम आणि ‘शमा’ ही एक प्रार्थना. शेकडो वर्षं एकटं राहून एवढं टिकलं होतं. धर्म ग्रंथात असतो तसा स्वयंपाकघरातही असतो, आणि तिथे तो बायका सांभाळतात.

राहाबीने ज्यांना धर्माचं शिक्षण दिलं त्यांना समाजात ‘काझी’ म्हणू लागले. हा शब्द कुठून आला ते उघड आहे. सिनेगॉगला बेने इस्राएल बोलीभाषेत ‘मशीद’ म्हणत. मुंबईत सॅम्युएल स्ट्रीटवरचं १७९६ सालचं शाअर हराहामीम हे त्यांचं पहिलं सिनेगॉग, त्याला ‘जुनी मशीद’च म्हणायचे. मस्जिद बंदर स्टेशनचं नाव याच मशिदीवरून पडलं असं सांगणारेही बरेच आहेत. ते बांधणारे सॅम्युएल इझिकेल दिवेकर इंग्रजांच्या फौजेत होते आणि टिपू सुलतानच्या कैदेत सापडले. समाजात सांगतात ती हकीकत अशी की, हे कैदी ‘बनी इस्राईल’ आहेत हे कळल्यावर सुलतानच्या आईने, कुरआनात उल्लेख असलेल्या कौमचे हे लोक आहेत म्हणून, त्यांच्या जिवासाठी रदबदली केली. सुटका झाली तर इबादतगाह बांधीन असा नवस दिवेकरांनी केला होता. ‘शाअर हराहामीम’चा अर्थ रहमतीचं दार. ‘राहामीम’ आणि ‘रहमत’ एकाच मुळाचे शब्द आहेत. शालोम-सलाम, नावी-नबी, योम-यौम, कादोश-कुद्दूस अशा जोड्या काढत बसलं तर एक वेगळा लेख होईल.

एकच अल्लाह, पण फरकही स्पष्ट

यहुदी धर्माचा पाया तौहीद आहे. ज्या ‘शमा’चा उल्लेख वर आला तिचा आशय एवढाच की ईश्वर एक आहे आणि त्याच्यावर पूर्ण मनाने प्रेम करायचं. ती सकाळ-संध्याकाळ म्हणतात, लहान मुलाला सर्वांत आधी शिकवतात आणि मरणाऱ्या माणसाच्या ओठांवर तीच असावी अशी इच्छा धरतात. आपल्याकडे कलमाचं जे स्थान तेच. मूर्ती नाही, चित्र नाही. सिनेगॉगच्या एका भिंतीत पेटीसारखं कपाट असतं, त्यात तौरातच्या हस्तलिखित गुंडाळ्या ठेवलेल्या असतात. ती भिंत जेरुसलेमच्या दिशेची. आपल्या कोकणातून मक्का आणि जेरुसलेम दोन्ही पश्चिमेलाच, जेरुसलेम थोडं उत्तरेकडे झुकून. मदिनेत सुरुवातीला सोळा-सतरा महिने मुसलमानांचा किबलाही तोच होता.

फरक झाकून ठेवायची गरज नाही. यहुदी हजरत ईसा (अलै.) आणि प्रेषित मुहम्मद (स.) यांना प्रेषित मानत नाहीत. कुर्बानीसाठी नेलेले पुत्र त्यांच्या ग्रंथात हजरत इसहाक (अलै.) आहेत. यहुदीपण त्यांच्याकडे आईकडून येतं, आणि दुसऱ्यांना धर्मात आणण्याचं काम ते करत नाहीत. कोणी स्वतःहून आलाच तर त्याला बराच काळ शिकवून, पारखून मग घेतात.

तौरातचे पाच ग्रंथ, त्यांवरची तोंडी परंपरा मिश्ना आणि तिच्यावरची चर्चा तलमूद, यांतून त्यांचे आचारनियम ठरतात. या नियमांना ‘हलाखा’ म्हणतात, म्हणजे चालण्याची रीत. शरीअत या शब्दाचा मूळ अर्थही वाटच. रब्बीला मसला विचारायचा आणि तो जुन्या निर्णयांच्या आधारे उत्तर देणार, ही पद्धत आपल्या फतव्यासारखी आहे. बाराव्या शतकातले त्यांचे सर्वांत मोठे विद्वान मूसा इब्न मैमून काहिऱ्यात राहत, सुलतान सलाहुद्दीनच्या दरबाराशी संबंधित हकीम होते आणि त्यांनी आपले बरेच ग्रंथ अरबी भाषेत लिहिले. दोन्हीकडच्या विद्वानांनी एकमेकांकडून किती घेतलं याचं हे एकच उदाहरण पुरे.

सकाळपासून रात्रीपर्यंत

दिवसाला तीन प्रार्थना: सकाळची शाहरित, दुपारनंतरची मिन्हा, रात्रीची मआरिव. सकाळी पुरुष झालरीची चादर, म्हणजे तालित, पांघरतात. कपाळाला आणि डाव्या हाताला चामड्याच्या पट्टीने लहान डब्या बांधतात, त्यांत तौरातच्या आयती लिहिलेल्या असतात. डोक्यावर टोपी. दाराच्या उजव्या चौकटीवर ‘मेझुझा’ नावाची एक नळी ठोकलेली असते, तिच्यातही आयती. आत-बाहेर करताना तिला बोटं लावून ओठांना लावतात. मुंबई-ठाण्यातल्या एखाद्या इमारतीत असं दार दिसलं तर समजावं, इथे बेने इस्राएल राहतात.

जेवणाआधी हात धुताना भांड्याने आळीपाळीने दोन्ही हातांवर पाणी ओततात आणि दुआ म्हणतात. आपण ‘बिस्मिल्लाह’ म्हणून सगळं सुरू करतो. त्यांच्याकडे मात्र भाकरीची दुआ वेगळी, फळाची वेगळी, जमिनीत उगवणाऱ्या भाजीची वेगळी, पाण्याची वेगळी. वीज चमकली तरी दुआ, संडासातून बाहेर आलं तरी दुआ. दिवसाला शंभर वेळा ईश्वराचे आभार मानावेत असं त्यांचे विद्वान सांगतात. मोजत कोणी बसत नाही, पण हिशेब केला तर साधारण तेवढ्या भरतात.

हे सगळे सगळं पाळतात का? नाही. आपल्यात जसे पाच वेळचे नमाजी आहेत, जुम्याचे आहेत आणि ईदचे आहेत, तसेच त्यांच्यातही आहेत. मुंबईत शनिवारी नोकरीवर जाणारे बेने इस्राएल भरपूर सापडतील. लेखात नियम सांगताना हे विसरलं की समोरचा शेजारी ‘खरा यहुदी नाही’ असं वाटायला लागतं.

ताटातला धर्म

यहुदी धर्म रोजच्या जगण्यात सर्वांत जास्त कुठे दिसत असेल तर स्वयंपाकघरात. त्यांच्या खाण्याच्या नियमांना ‘कश्रूत’ म्हणतात, आणि नियमाला धरून असलेलं अन्न ‘कोशेर’.

डुक्कर हराम, रक्त हराम, मेलेलं जनावर हराम. इथपर्यंत आपण बरोबर आहोत. पुढे त्यांचे नियम जास्त कडक होतात. जनावर रवंथ करणारं आणि दुभंगलेल्या खुराचं पाहिजे. बकरा, मेंढी, गाय चालते. उंट रवंथ करतो पण त्याचा खूर पूर्ण दुभंगलेला नाही, म्हणून उंट हराम. ससाही हराम. आपल्याकडे दोन्ही हलाल. यहुद्यांवर काही जादा बंधनं होती याचा उल्लेख सूरह अनआममध्ये आहेच.

मासळीला पर आणि खवले दोन्ही हवेत. पापलेट, सुरमई, बांगडा, रावस, रोहू चालतो. कोळंबी, खेकडा, तिसऱ्या, कालवं, माकूल, मुशी काहीच नाही. कोकणी मुसलमान बहुतेक शाफई, त्यांना समुद्रातलं सगळं हलाल. हनफी घरात खेकडा चालत नाही आणि कोळंबीवर वाद. म्हणजे एकाच बाजारात मासळीच्या एकाच पाटीसमोर तिघं उभे राहिले तर तिघांच्या पिशव्या वेगवेगळ्या भरतील.

जबीहाच्या पद्धतीत साम्य मोठं आहे. त्यांच्या कसाबाला ‘शोहेत’ म्हणतात. तो शिकलेला, परवानगी मिळालेला धार्मिक माणूस असतो. सुरीला जराही खाच असली तर जनावर बाद, म्हणून तो नखावर धार फिरवून पाहतो. कापल्यावर फुप्फुसं तपासतात, त्यात दोष निघाला तरी बाद. मागच्या पायातली मोठी शीर काढावी लागते. ती निरोप देते हजरत याकूब (अलै.) यांच्या एका प्रसंगाचा. मग मांस अर्धा तास पाण्यात, तासभर मिठात आणि तीनदा धुऊन, रक्ताचा अंश राहू नये म्हणून. कलेजी मिठाने भागत नाही, ती उघड्या आगीवर भाजावीच लागते. अंडं फोडल्यावर रक्ताचा ठिपका दिसला तर टाकून देतात. पालेभाजीत कीड जाऊ नये म्हणून पान-पान पाहतात.

आणि सर्वांत वेगळा नियम: मांस आणि दूध एकत्र नाही. शेळीच्या पिल्लाला त्याच्या आईच्या दुधात शिजवू नये अशी तौरातची आज्ञा, तिच्यातून हा सगळा पसारा उभा राहिला. मटण खाल्ल्यावर काही तास दूध, दही, तूप, चहा बंद. भांडी वेगळी. बेने इस्राएल बायकांनी यावर जो तोडगा काढला तो अस्सल कोकणी आहे: नारळाचं दूध. रस्सा नारळाच्या दुधात, गोड पदार्थही नारळाच्या दुधात. नव्या वर्षाच्या सणाला गव्हाचा चीक काढून नारळाच्या दुधात जो हलवा थापतात तो एकदा खाल्लेला माणूस विसरत नाही.

आता आपल्या कामाची गोष्ट. सूरह माइदाच्या पाचव्या आयतीत अहले किताबचं अन्न आपल्याला हलाल केलं आहे. त्यांच्या जबीहाबद्दल उलमांनी बारकावे सांगितले आहेत. शोहेत सलग जनावरं कापताना सुरुवातीलाच एकदा दुआ म्हणतो, प्रत्येक जनावरावर वेगळी नाही, यावर मतभेद आहेत, तेव्हा ज्यांना खात्री हवी त्यांनी आपल्या आलिमला विचारावं. उलट बाजू मात्र आपण बहुधा विसरतो. आपलं हलाल मटण कश्रूत पाळणाऱ्या यहुद्याला चालत नाही. कारण शोहेत नाही, शीर काढलेली नाही, मिठाची प्रक्रिया नाही. आणि आपली बिर्याणी तर दह्यात मुरवलेली! पाहुणा ‘नको’ म्हणाला तर त्यात अपमान समजू नये. कडक पाळणारा असेल तर अख्खी फळं, सुका मेवा आणि काचेच्या ग्लासात सरबत. तेवढा कडक नसेल तर तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, खवल्याची मासळी. आधी विचारून घेतलेलं केव्हाही चांगलं.

दारूचाही प्रश्न मनात येतो, कारण यहुदी धर्मविधीत द्राक्षरसाच्या प्याल्यावर दुआ म्हणतात आणि जगात बहुतेक ठिकाणी तो प्याला वाईनचा असतो. बेने इस्राएल घरांत काळ्या मनुका भिजवून, कुस्करून, गाळून केलेलं सरबत वापरण्याची जुनी रीत आहे. त्यात नशा नाही.

शुक्रवारची संध्याकाळ

त्यांचा दिवसही आपल्यासारखा मगरिबला सुरू होतो. शुक्रवारी सूर्य मावळण्याआधी घरातली बाई दिवे लावते. बेने इस्राएल घरात काचेच्या ग्लासात पाण्यावर तेल घालून वात पेटवायची जुनी पद्धत. मग शनिवारी रात्री आकाशात तीन तारे दिसेपर्यंत शब्बाथ.

या काळात एकोणचाळीस प्रकारची कामं बंद. नांगरणं, पेरणं, मळणं, भाजणं, शिवणं, लिहिणं, आग पेटवणं, ओझं घेऊन रस्त्याने जाणं आणि त्यांच्यातून निघणारी बाकीची. आग पेटवायची नाही म्हणून गॅस नाही, आजच्या काळात विजेचं बटण नाही, गाडी नाही, मोबाईल नाही. पैशाला हात लावायचा नाही. जेवण शुक्रवारीच शिजवून झाकून ठेवलेलं. मग करायचं काय? प्रार्थना, तौरातचं वाचन, तीन वेळचं नीट जेवण, घरच्यांशी गप्पा, झोप. घाणा बंद ठेवून एक दिवसाचं उत्पन्न सोडणारा तेली आठवा. गावच्या बाजाराचा दिवस शनिवारी आला तर त्याचं किती नुकसान होत असेल.

इथे एक फरक ध्यानात घेण्यासारखा आहे. कुरआनात जुम्याच्या नमाजनंतर जमिनीवर पसरून रोजी शोधायची मोकळीक आहे. जुमा हा सुट्टीचा दिवस नाही. शब्बाथ पूर्ण दिवसाची रजा आहे, आणि ती सक्तीची आहे. पण जीव वाचवायचा असेल तर शब्बाथ मोडावाच लागतो. आजारी माणसाला दवाखान्यात नेताना विचार करत बसणारा त्यांच्या नियमानुसार गुन्हेगार ठरतो.

सणांची मराठी नावं

बेने इस्राएलांनी हिब्रू सणांना जी नावं दिली ती ऐकून मजा वाटते. नव्या वर्षाला नव्याचा सण. पुरीमला होळीचा सण, कारण दिवस जवळ येतात. जेरुसलेमची इबादतगाह उद्ध्वस्त झाली त्या दुःखाच्या दिवसाला बिर्ड्याचा सण, कारण उपवास सोडताना वालाचं बिरडं. योम किप्पूरला दारफळणीचा सण: घराची दारं लावून, पांढरे कपडे घालून, सुमारे पंचवीस तास अन्न नाही, पाणी नाही. जुन्या नोंदींत त्यांच्या एका उपवासाच्या महिन्याला चक्क ‘रमजान’ म्हटलेलं आढळतं.

आशुऱ्याचा रोजा इथे आठवल्याशिवाय राहत नाही. प्रेषित (स.) मदिनेत आले तेव्हा तिथले यहुदी रोजा धरताना दिसले. फिरऔनपासून मूसा (अलै.) यांची सुटका झाल्याच्या शुक्रासाठी, असं त्यांनी सांगितलं. मूसांवर आमचा हक्क अधिक आहे असं म्हणून प्रेषितांनी स्वतः रोजा धरला आणि धरायला सांगितला. त्याच सुटकेची आठवण म्हणून यहुदी पेसाह पाळतात. भारतात आठ दिवस घरात पाव नाही, खमीर नाही, बिनखमिराची भाकरी. १८७४ साली पुण्यात छापलेल्या मराठी-हिब्रू हगादामध्ये ही भाकरी करणाऱ्या बायका साड्या नेसलेल्या दाखवल्या आहेत.

त्यांचं वर्ष चांद्र आहे, पण एकोणीस वर्षांत सात वेळा एक महिना जादा धरतात. त्यामुळे त्यांचे सण ऋतू सोडत नाहीत. आपला रमजान मात्र उन्हाळा-पावसाळा-हिवाळा सगळीकडे फिरतो.

आणि मलिदा. पोहे, साखर, ओलं खोबरं, वेलची, सुका मेवा, भोवती फळं. लग्न, बाळंतपण, नवीन घर, आजारातून उठणं अशा वेळी हे ताट समोर ठेवून ईश्वराची स्तुती आणि एलियाहू हनाबींची आठवण करतात. एलियाहू हनाबी म्हणजे आपले हजरत इलियास (अलै.). अलिबागजवळ खंडाळे इथे एका खडकावर त्यांच्या रथाच्या खुणा आहेत अशी श्रद्धा आहे, आणि तिथल्या सणाला जुना शब्द आहे ‘उरूस’. जगातल्या दुसऱ्या कुठल्याही यहुदी समाजात मलिदा नाही. दर्ग्यावर मलिदा पाहिलेल्या आपल्या लोकांना तो कुठून आला असेल याचा अंदाज येईल. आपल्यातले काही उलमा अशा रिवाजांवर टीका करतात. तशीच टीका यहुदी रब्बींनीही केलेली आहे.

जन्म, लग्न, मौत

मुलाचा खतना आठव्या दिवशी, हजरत इब्राहीम (अलै.) यांच्याशी झालेल्या कराराची निशाणी म्हणून. तेरा वर्षांचा मुलगा आणि बारा वर्षांची मुलगी धर्माच्या बाबतीत जबाबदार. लग्नात ‘केतुबा’ लिहितात. नवऱ्याने बायकोला काय द्यायचं, तलाक किंवा मृत्यू झाला तर तिचा किती हक्क, हे त्यात असतं. आपल्या निकाहनाम्याचा आणि मेहरचा जवळचा नातेवाईक. बेने इस्राएल नवरीला मेंदी आहेच. तलाक लेखी द्यावा लागतो आणि त्यानंतर दुसऱ्या लग्नाआधी बाईला नव्वद दिवस थांबावं लागतं. पाळी संपल्यावर ठरलेल्या दिवसांनी पूर्ण अंगाची डुबकी, आपल्या गुस्लसारखी. त्यासाठी खास हौद लागतो, पण समुद्रही चालतो. कोकणात समुद्राची काय कमतरता!

व्याज घेणं तौरातमध्ये हराम आहे, पण आपल्या धर्मबंधूंकडून. दानाला ते ‘त्सेदाका’ म्हणतात, आपला सदका. उत्पन्नाचा दहावा हिस्सा द्यावा अशी रीत. हिब्रूत या शब्दाचा मूळ अर्थ न्याय, म्हणजे देणारा उपकार करत नाही, ज्याचं आहे त्याला देतो.

मय्यतीला उशीर करत नाहीत. गुस्ल, साधं पांढरं कफन, दफन. श्रीमंत-गरीब सगळ्यांचं कफन सारखं. घरचे सात दिवस जमिनीवर किंवा खालच्या बैठकीवर बसतात. त्या दिवसांत जेवण बहुधा शेजारी आणतात. एका यहुद्याचा जनाजा जाताना प्रेषित (स.) उभे राहिले. तो यहुदी होता असं कोणी म्हटलं, तेव्हा तोही एक जीव नव्हता का, असा सवाल त्यांनी केला. ही हदीस बुखारीत आहे.

दहा माणसं

१९४८ नंतर बेने इस्राएल हळूहळू इस्राएलला गेले. इथे त्यांचा छळ झाला म्हणून नव्हे. धर्माची ओढ होती, नोकरीची आशा होती, नातेवाईक पुढे गेले होते. तिथेही सुरुवात सोपी नव्हती. रब्बींनी त्यांच्या यहुदीपणावर, विशेषतः लग्नसंबंधांवर शंका घेतली. त्यांनी आंदोलन केलं, तेव्हा १९६४ मध्ये ते पूर्ण यहुदी असल्याचं मान्य झालं. लोद, दिमोना, अश्दोद या शहरांत आज मराठी बोलणाऱ्या आज्या आहेत, आणि ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिकही तिथून निघालं.

२०११ च्या जनगणनेत भारतात यहुदी साडेचार हजारांच्या आसपास होते, त्यांतले निम्म्याहून अधिक महाराष्ट्रात. २०१६ मध्ये राज्य सरकारने त्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला. यहुदी धर्मात जमातीच्या प्रार्थनेला दहा सज्ञान पुरुष लागतात, त्याला ‘मिन्यान’ म्हणतात. दहा नसतील तर तौरातची गुंडाळी पेटीतून काढून वाचता येत नाही, मेलेल्यांसाठीची ‘कद्दीश’ म्हणता येत नाही. आपल्याकडे इमाम आणि एक मुक्तदी असला तरी जमात होते, म्हणून या अडचणीची कल्पना येत नाही. कोकणातल्या गावांत इमारत आहे, तौरात आहे, दहा माणसं नाहीत. सणाला मुंबई-ठाण्याहून माणसं आली तर दार उघडतं. कलकत्त्यात सिनेगॉगची देखभाल पिढ्यान्‌पिढ्या मुसलमान कुटुंबं करत आली आहेत, आणि तिथल्या ज्यूईश गर्ल्स स्कूलमध्ये आज बहुतेक मुली मुसलमान आहेत.

गाझाच्या बातम्यांनी आपलं काळीज जळतं, ते जळायलाच हवं. पण त्या रागाचा हिशेब अलिबागच्या इस्राएल आळीत उरलेल्या म्हाताऱ्या जोडप्याकडे मागायचा नसतो. एखाद्या कौमच्या वैरापायी इन्साफ सोडू नका, ही ताकीद त्याच सूरह माइदात, आठव्या आयतीत आहे. एखाद्या आतंकवाद्यामुळे आपल्याला भाड्याने घर नाकारलं जातं तेव्हा आपण काय म्हणतो, ते आठवलं तरी पुरे.

ज्यांना पाहायचं आहे त्यांनी अलिबागचं मागेन आबोथ, पनवेलचं बेथ एल, भायखळ्याचं १८६४ चं मागेन दाविद किंवा फोर्टमधलं केनेसेथ एलियाहू पाहावं. शेवटची दोन बगदादहून आलेल्या ससून घराण्याची. दाविद ससून मुंबईत आले तेव्हा अरबी बोलत. २६/११ च्या हल्ल्यात नरिमन हाऊस लक्ष्य झाल्यापासून सगळीकडे पहारा असतो. ओळखपत्र जवळ ठेवावं, फोटोआधी विचारावं, शनिवारी जाऊ नये. आत शिरताना पुरुषांनी डोकं झाकायचं असतं. आपली टोपी चालते. शुक्रवारी संध्याकाळी कोणी भेटलं तर ‘शब्बात शालोम’ म्हणावं, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये नव्याच्या सणाला ‘शाना तोवा’. आणि ‘सलाम’ म्हटलं तरी त्यांना कळतं.